दुकानात स्वाइप मशीन घ्यायचंय? आधी वही काढा

गणपतीपुळ्याहून परतणारी पुण्याची गाडी तुमच्या दुकानापाशी थांबते. हापूसची पेटी, काजू, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी असा चार हजारांचा माल काउंटरवर जमतो आणि मग प्रश्न येतो, "कार्ड चालतं ना?" तुम्ही "यूपीआय करा ना" म्हणता. कधी ते जमतं, कधी पेटी काउंटरवरच राहते.

तर मशीन घेऊच या. पण कंपनीचा माणूस बॅग घेऊन आला आणि तुम्ही सही केली, असं नको. वही, पेन, कॅल्क्युलेटर आणि बँकेचं स्टेटमेंट टेबलावर घ्या. पायऱ्या ज्या क्रमानं दिल्यात त्याच क्रमानं करा. मधली गाळलीत, तर पुढच्या पायरीला मागे यावं लागेल.

१. वहीच्या पानावर चार रकाने आखा: रोख, यूपीआय, कार्ड विचारलं पण दुसऱ्या रीतीनं दिलं, कार्ड नाही म्हणून परत गेला. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक रेघ मारा. सांभाळा: चौथा रकाना दुकानातल्या पोरावर सोडू नका. परत गेलेलं गिऱ्हाईक कोणी आपणहून सांगत नाही.

२. पंधरा दिवसांनी शेवटच्या दोन रकान्यांची बेरीज करा. पाचसहा रेघाच निघाल्या आणि त्याही शेदीडशेच्या बिलांच्या, तर इथेच थांबा. क्यूआरचा स्टिकर आणि साउंडबॉक्स तुम्हाला पुरे आहेत. सांभाळा: ही मोजणी जुलैच्या पावसात केलीत तर आकडा खोटा येईल. एप्रिल-मे किंवा दिवाळीची सुट्टी धरा.

३. गेल्या हंगामातलं सर्वांत मोठं बिल शोधून वहीत मोठ्या अक्षरात लिहा. हा आकडा पुढे मशीन ठरवणार आहे. कार्ड नुसतं टेकवून, पिन न टाकता, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच देता येतात. त्याच्या वर पिन लागतो. दोनतीन पेट्या एकदम जात असतील तर तुम्ही ही रेघ सहज ओलांडता.

४. काउंटरवर उभे राहून नेटवर्क तपासा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे दोन फोन घ्या आणि एकमेकांना एक-एक रुपया पाठवून पाहा. भर गर्दीच्या वेळी करा, सकाळी साडेनऊला नाही. रत्नागिरीच्या रामआळीत दुकान असो की आरे-वारेच्या रस्त्यावर स्टॉल, दोन पावलांवर खेळ बदलतो. जांभ्याच्या जाड भिंतीआड तर विचारूच नका. ज्या सिमवर रुपया पटकन गेला, त्या कंपनीचं नाव वहीत लिहा. सांभाळा: दारात उभे राहून तपासलंत तर फुकट. गल्ला जिथे आहे तिथेच तपासा.

५. मशीनचा प्रकार ठरवा. चार प्रकार तुमच्यापुढे येतील. पहिलं, पडदा आणि छपाई असलेलं मोठं मशीन: सिम आत, कागद आत, यूपीआयचा क्यूआरही त्याच पडद्यावर. दुसरं, खिशात मावणारं छोटं मशीन: ते ब्लूटूथनं तुमच्या फोनला जोडायचं, पावती एसएमएसनं जाते. तिसरा, कार्ड टेकवता येणारा साउंडबॉक्स. चौथा, तुमचाच एनएफसीवाला फोन, त्यावर ॲप टाकून.

माझं मत विचाराल तर पेट्यांचं दुकान असेल तर पहिलंच घ्या. भाडं जास्त पडतं, पण मालक घरी जेवायला गेला म्हणून फोनही गेला आणि कार्ड बंद पडलं, असं होत नाही. घरपोच माल देत असाल किंवा गाडीवर विकत असाल तर दुसरं बरं. सांभाळा: साउंडबॉक्स किंवा फोन घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा, "पिन टाकायची सोय आहे का?" नसेल तर तिसऱ्या पायरीतला आकडा पुन्हा पाहा.

६. तुमचं चालू खातं ज्या बँकेत आहे, त्या शाखेत जाऊन मशीनचे दर मागा. सांभाळा: "साहेब जेवायला गेलेत" ऐकून तोंडी दरावर परत येऊ नका. कागद किंवा मेल घेऊनच या.

७. आता दुसरा दर एखाद्या पेमेंट कंपनीकडून मागा. पाइन लॅब्स, एमस्वाइप, पेटीएम, फोनपे, भारतपे, रेझरपे यांपैकी ज्यांचा माणूस रत्नागिरीत प्रत्यक्ष येतो, त्यालाच बोलवा. शेजारच्या दुकानदाराला विचारा, "मशीन बिघडलं तेव्हा किती दिवसांनी आले?" सांभाळा: हे उत्तर विकणाऱ्याच्या तोंडून घ्यायचं नसतं.

८. दोघांचे दर शेजारीशेजारी पाच ओळींत लिहा. इथे घाई नको, चहा मागवा.

रुपे डेबिट कार्ड आणि खात्यातून होणारं यूपीआय: इथे शून्य लिहा. १ जानेवारी २०२० पासून यावर दुकानदाराला शुल्क नाही. कोणी आकडा सांगितला तर पेन खाली ठेवा आणि कारण विचारा.

व्हिसा-मास्टरकार्डचं डेबिट कार्ड: रिझर्व्ह बँकेनं कमाल मर्यादा घातली आहे. मागच्या आर्थिक वर्षात तुमची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका बिलामागे २०० रुपयांच्या वर नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल तर ०.९० टक्के, कमाल १,००० रुपये.

क्रेडिट कार्ड: इथे मर्यादा नाही, म्हणून घासाघीस इथेच करायची. साधं कार्ड, महागडं कार्ड आणि कंपनीच्या नावाचं कार्ड यांचे दर वेगळे असतात. तिन्ही विचारा.

यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड: लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत शुल्क नाही. त्यापुढचा दर विचारून लिहा.

परदेशी कार्ड: मुलगा दुबईला आणि सून तिकडचं कार्ड घेऊन आली, असं गिऱ्हाईक रत्नागिरीत काही नवं नाही. हे कार्ड चालू करून घ्यावं लागतं का आणि दर काय, ते लिहा.

सांभाळा: "सरासरी दीड टक्का पडेल" हे वाक्य ऐकलंत की समजा, पाच ओळी भरायच्या टाळल्या जातायत. सरासरी वहीत लिहू नका.

९. कॅल्क्युलेटर घ्या आणि एकाच बिलाचा हिशेब करा. ४,००० रुपयांचं बिल, क्रेडिट कार्डाचा दर समजा १.८ टक्के. शुल्क ७२ रुपये. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२ रुपये ९६ पैसे. एकूण ८५ रुपयांच्या आसपास गेले. तेच बिल व्हिसा डेबिट कार्डावर ०.४० टक्क्यानं झालं तर सगळं मिळून १९ रुपयांच्या आत. रुपे डेबिट असेल तर काहीच नाही. आता पेटीमागे तुम्हाला सुटतात किती ते शेजारी लिहा आणि हे ८५ झेपतात का पाहा. सांभाळा: नेहमीच्या पद्धतीनं जीएसटी भरत असाल तर तो १८ टक्के वळता होऊ शकतो. जीएसटी नंबर नसेल किंवा कंपोझिशनमध्ये असाल तर तो तुमच्याच खिशातून जातो. आणि डेबिट कार्डाचं शुल्क गिऱ्हाइकावर टाकायची मुभा नाही, त्यामुळे "कार्डाला दोन टक्के जादा" अशी पाटी काउंटरवर नको.

१०. टक्केवारी सोडून बाकी पैसे कुठेकुठे लागतात ते विचारा. मासिक भाडं, बसवायचा खर्च, अनामत, सिमचं भाडं, कागदाचे रोल, मुदतीआधी परत केलं तर दंड, महिन्याला ठरावीक रकमेचा व्यवहार झाला नाही तर दंड. शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. मेअखेर आंबा संपला, मशीन खोक्यात घालून फळीवर ठेवलं. गणपतीत पासबुक भरून आणलं तर भाडं दर महिन्याला कापलेलं, वर "कमी वापर" म्हणून आणखी एक ओळ. माणूस म्हणाला, "कागदात लिहिलंय." खरंच लिहिलं होतं, पान चारवर, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणून थेट विचारा, "पावसाळ्यात चार महिने मशीन बंद ठेवलं तर काय कापाल?"

११. पैसे खात्यात कधी येतात ते वारानिशी विचारा. "दुसऱ्या दिवशी" एवढ्यावर थांबू नका. शनिवारी संध्याकाळी विकलेल्या पेटीचे पैसे सोमवारी की मंगळवारी? बागायतदाराला रोख द्यायची असते तेव्हा हा एक दिवस जड जातो. सांभाळा: शुल्क रोज कापून उरलेले पैसे येतात की सगळे येऊन महिनाअखेर शुल्क कापतात, हेही आत्ताच विचारा, नाहीतर हिशेब जुळवताना डोकं धराल.

१२. दोघांपैकी जो बरा वाटतो, त्याला तुमच्या काउंटरवर मशीन चालवून दाखवायला सांगा. चौथ्या पायरीत लिहिलेल्या कंपनीचं सिम घालूनच. कार्ड टेकवल्यापासून पावती बाहेर येईपर्यंत मनात आकडे मोजा. सांभाळा: माणूस मशीन हातात धरून दाराकडे सरकू लागला तर हसून म्हणा, "इथेच दाखवा, गल्ला इथे आहे."

१३. आठव्या, दहाव्या आणि अकराव्या पायरीतली उत्तरं मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी मागवा. सांभाळा: लेखी आलं नाही, तर ते बोललंच गेलं नाही असं धरा.

१४. कागद गोळा करा: पॅन, आधार, शॉप ॲक्टची नोंद, उद्यम नोंदणी असेल तर ती, जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र, कॅन्सल चेक, दुकानाचा पाटीसकट फोटो. सांभाळा: खात्यावरचं नाव आणि शॉप ॲक्टवरचं नाव एकच हवं. एका अक्षराच्या फरकानं अर्ज परत येतो.

१५. अर्जात पावतीवर छापायचं नाव भरताना दुकानाच्या पाटीवरचं नाव लिहा. पाटीवर "कोकण मेवा" आणि स्टेटमेंटवर तुमचं स्वतःचं नाव असेल, तर महिन्याभरानं पुण्यातला माणूस म्हणतो, "हे चार हजार कुणाला दिले?" आणि बँकेकडे तक्रार करतो. पेटी खाऊन संपलेली असते आणि पावत्या शोधायची पाळी तुमच्यावर येते.

१६. मशीन आलं की माणूस दुकानात असतानाच मागचा अनुक्रमांक वहीत उतरवा. सांभाळा: उद्या कोणी "मशीन बदलायला आलोय" म्हणत आला तर हा आकडा लागतो. कंपनीच्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन लावून खात्री होईपर्यंत मशीन हातातून सोडू नका.

१७. तुमच्याच डेबिट कार्डानं १० रुपयांचा व्यवहार करा. पावतीवर नाव, गाव, तारीख आणि रक्कम वाचा. चूक असेल तर ती आजच दुरुस्त होते.

१८. तोच व्यवहार रद्द करून दाखवायला सांगा, आणि मग परत एकदा करून तुमच्या हातानं रद्द करा. सांभाळा: दिवसाचा हिशेब मशीननं बंद केला की साधं रद्द होत नाही, परताव्याची वेगळी रीत लागते. कार्डावर आलेले पैसे गिऱ्हाइकाला रोख परत द्यायचे नाहीत, कितीही गयावया केली तरी.

१९. आणखी १० रुपयांचा व्यवहार करा आणि तो तसाच राहू द्या. अकराव्या पायरीत कबूल केलेल्या दिवशी खातं उघडून पाहा. आले नाहीत तर पहिला फोन त्याच दिवशी.

२०. दुकानातल्या सगळ्यांना जवळ बोलावून एकच नियम सांगा: पडद्यावर "अप्रूव्हड" आल्याशिवाय पेटी उचलून द्यायची नाही. गिऱ्हाईक मोबाइल दाखवून म्हणेल, "बघा, पैसे कटले." ते खरं असू शकतं. पण मशीननं पावती दिली नसेल तर त्याची बँक ५ दिवसांत पैसे आपोआप परत करते, असा नियम आहे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे गोड शब्दांत सांगायचं आणि दुसरं कार्ड मागायचं. सांभाळा: पिन कधी विचारायचा नाही, मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं आणि आपण पेटीची सुतळी बांधायला वळायचं.

२१. पावत्या ठेवायला झाकणाचा डबा ठरवा. या कागदावर उष्णतेनं छपाई होते, त्यामुळे उन्हात आणि दमटपणात अक्षर उडतं. मोठ्या बिलांच्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा. सांभाळा: आंब्याच्या पेटीवर पावती ठेवू नका, गवताच्या ओलीनं ती संध्याकाळपर्यंत कोरी दिसायला लागते.

२२. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर मशीनच्या पाठीवर चिकटवा. "मशीन अपडेट करायचंय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ओटीपी न देता फोन ठेवायचा. कंपनीनं तुमची तक्रार ३० दिवस दाबून ठेवली तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबरही खाली लिहून ठेवा.

२३. आता "कार्ड चालतं"चा स्टिकर काचेवर लावा. गाडीत बसल्या बसल्या दिसेल अशा उंचीवर. पेट्यांच्या थप्पीमागे नको, मे महिन्यात ती थप्पी छताला लागते.