जुन्या पुस्तकांची बांधणी

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात नासधूस झाली. नंतर विखुरलेली पाने गोळा करून जुळवावी लागली. छंद म्हणून जुनी पुस्तके बांधणाऱ्यानेही आधी पाने मोजून क्रमाने लावावीत. चिकटपट्टी लावू नये; ती पिवळी पडून डाग ठेवते. मैद्याची खळ वापरावी. पाण्याने ती पुन्हा सुटते. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाची पट्टी लावून वजनाखाली वाळवावे. दुमडलेल्या पानांचे जुज मधल्या घडीतूनच शिवावेत. कडेने टाके घातल्यास पुस्तक पुरते उघडत नाही. खळीमुळे कसर लागते, म्हणून पावसाळी भागात पुस्तक कोरड्या जागी ठेवावे. आपण केलेली दुरुस्ती पुढे अधिक जाणकाराला उसवता आली पाहिजे.