एकाच रंगाची नक्षी एका झटक्यात निवडा

लग्नपत्रिकेच्या किनारीवर दीडशे हिरवी पाने आहेत. सकाळी छपाई, आणि गिऱ्हाईक ऐनवेळी म्हणते, "पाने मरून करा." एकेक पान निवडत बसलात तर रात्र जाईल, शिवाय एखादे राहून जाईल. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी निघते. राहिलेले पान चुकीच्या फिल्मवर गेले की कागद आणि मजुरी दोन्ही वाया.

यावर उपाय सोपा आहे. इलस्ट्रेटरमध्ये आधी ‘ऑब्जेक्ट’ मेनूतून ‘अनलॉक ऑल’ करा, कारण लॉक केलेले आकार निवडले जात नाहीत. मग पांढऱ्या बाणाने एक पान निवडा. ‘सिलेक्ट’ मेनूत ‘सेम’ आणि त्यात ‘फिल कलर’ घ्या. त्या रंगाची सर्व पाने निवडली जातील. इंकस्केप हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात हीच सोय ‘एडिट’ मेनूत ‘सिलेक्ट सेम’ या नावाने आहे.

एक धोका ध्यानात ठेवा. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन हिरवे रंग आकड्यांत वेगळे असू शकतात. अशी पाने निसटतात. म्हणून रंग बदलण्यापूर्वी इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल आणि ३ दाबून निवडलेली पाने लपवा. मागे हिरवे पान उरले, तर तेच निसटलेले. कंट्रोल, ऑल्ट आणि ३ दाबून सर्व परत आणा, त्या पानाला आयड्रॉपरने बाकीच्यांचा रंग द्या आणि पुन्हा निवड करा.

ही तपासणी मिनिटभराची आहे. फिल्म काढण्यापूर्वी ती कधीही चुकवू नका.