छाती दाटली तर

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत दूध भरून येते. छाती दगडासारखी होते, ठणकते. बाळाला नीट धरता येत नाही, ते रडते. मग घरात कोणी म्हणते, "आज पाजू नकोस गं!" सासूबाईंनी रागावू नये, पण आम्हांला हे पटत नाही. दूध साचले की दुखणे वाढते.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे. आधी हाताने थोडे दूध काढावे. बोंडाभोवतीचा भाग मऊ झाला की बाळाला तोंडात धरता येतो. पाजून झाले की गार पाण्यात पिळलेले फडके छातीवर ठेवावे. जोराने चोळू नये, सूज वाढते.

काही बायांना दूध फारच येते. त्या वाटी-वाटी पिळून टाकतात. पण जितके काढावे तितके पुन्हा येते! म्हणून ठणका कमी होईल एवढेच काढावे.

छाती एका जागी लाल झाली, हुडहुडी भरून ताप आला, तर लेप लावून बसू नये. आशाताईला सांगावे, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्या बाजूनेही पाजत राहावे. ते दूध बाळाला बाधत नाही.