दात काढल्यानंतरची काळजी

पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणा खोऱ्यातील ऊसकरी गाव. गळिताच्या हंगामात येथील कष्टकऱ्याला एका दिवसाची विश्रांतीही महाग वाटते. सकाळी दाढ काढून दुपारी फडात उभे राहण्याचा मोह होतो. परंतु दात निघाला म्हणजे उपचार संपला, असे नव्हे.

दात निघाल्यावर जबड्याच्या हाडात खळगा राहतो व त्यात रक्ताची गुठळी जमते. ही गुठळी उघड्या पडलेल्या हाडाचे व मज्जातंतूंचे नैसर्गिक आवरण होय. ती निखळल्यास दोन ते चार दिवसांत कानापर्यंत जाणारा तीव्र ठणका सुरू होतो व तोंडास दुर्गंधी येते. दंतवैद्य यास ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात.

म्हणून कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट दाबून धरावा. पहिले 24 तास चूळ भरू नये, थुंकू नये, खळग्याला जीभ वा बोट लावू नये. गालावर बाहेरून थंड पाण्याची घडी ठेवावी. शेक देऊ नये. बधिरता ओसरेपर्यंत काही खाऊ नये. नंतर मऊ भात, ताक, गार आंबील घ्यावी. झणझणीत रस्सा व गरम चहा टाळावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या कराव्यात.

मिश्री, तंबाखू व विडी जखमेच्या शत्रू होत. खळग्यात तंबाखू, हळद वा लवंगेचे तेल भरण्याची प्रथाही घातक आहे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते दात काढण्यापूर्वीच सांगावे. असे औषध परस्पर बंद करू नये.

रक्त दाबूनही न थांबणे, ताप, वाढती सूज, गिळण्यास किंवा तोंड उघडण्यास त्रास, अथवा तिसऱ्या दिवसानंतर वाढणारे दुखणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी रुग्णालय त्वरित गाठावे. एरवी हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरून येते. आतील हाड भरण्यास काही महिने लागतात.

शिक्षकांनी हा विषय पालकसभेत मांडावा आणि पंचायत सदस्यांनी या सूचना चावडीवर लावाव्यात. पहिल्या दोन दिवसांची विश्रांती मजुराला मिळाली, तर पुढचे कित्येक दिवस बुडणारी मजुरी वाचेल.