केळीची विषाणूमुक्त रोपे

केळीची लागण बियांपासून होत नाही, मुनव्यांपासून होते. मातृझाडात विषाणू असल्यास तो मुनव्याबरोबर नव्या बागेत येतो व पुढे मावा त्याचा प्रसार करतो. पर्णगुच्छ व हरण्या हे रोग असेच पसरतात. रोगी झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. अर्धापूरच्या केळीबागा पाहून उदगीरकडील ज्या शेतकऱ्यास केळी लावावयाची असेल, त्याने हे प्रथम जाणावे.

शेंड्याच्या अगदी टोकावरील वाढत्या पेशींत विषाणू क्वचितच पोहोचतो. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन यांनी असे टोक निर्जंतुक पोषक माध्यमावर वाढवून डेलियाची विषाणूमुक्त रोपे मिळविली. हेच ऊतिसंवर्धन होय. मात्र केळीच्या व्यापारी रोपांसाठी याहून मोठा कोंब घेतात. म्हणून मातृझाडाची विषाणू-तपासणी अत्यावश्यक ठरते. अन्यथा एका रोगी कोंबापासून हजारो रोगी रोपे तयार होतात.

रोपे घेताना व नंतर पुढील दक्षता घ्यावी :

१. ऊतिसंवर्धित रोपांसाठी २००६ पासून केंद्र शासनाची प्रमाणन पद्धती आहे. प्रमाणपत्र पाहूनच रोपे घ्यावीत व पावती जपावी.

२. सावलीगृहात कणखर झालेली, सारख्या वाढीची रोपे निवडावीत.

३. बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो व मिरची ही आंतरपिके घेऊ नयेत.

४. पानांवर तुटक पिवळे पट्टे किंवा शेंड्याशी अरुंद, ताठ पानांचा झुपका दिसताच प्रथम मावा मारावा. नंतर झाड कंदासह उपटून नष्ट करावे.

विषाणूमुक्त रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे. लागणीनंतरही त्यास रोग जडू शकतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांच्या मनावर बिंबवावी.