सागाच्या बुंध्याला किती अश्वशक्ती?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, महागाव तालुक्यात, फुलसावंगी हे गाव आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा सारा मुलूख पानझडी जंगलाचा. साग, धावडा, ऐन, तेंदू, मोह, सालई ही इथली झाडे. शेताच्या बांधावरही साग आणि बाभूळ उभे असतात. असे एखादे मोठे झाड तोडायचे ठरले, की पूर्वी कुऱ्हाडी आणि दोघांनी ओढायची लांब करवत घेऊन माणसे येत. आता एकच माणूस येतो, दोरी ओढून इंजिन चालू करतो आणि काही मिनिटांत बुंधा आडवा होतो. त्याच्या हातातल्या यंत्राला कोणी 'चेन-सॉ' म्हणतात, कोणी नुसतेच 'कटर मशीन'. आपण तिला साखळी-करवत म्हणू.

असे यंत्र विकत घ्यायचे झाले, की पहिला प्रश्न बहुधा असा असतो : "सगळ्यांत जास्त पॉवरचे कोणते?" प्रश्न साधा दिसतो. पण तो पुरेसा आहे का? हे तपासायला शाळेतले भौतिकशास्त्र पुरते. कागद-पेन्सिल जवळ घ्या आणि एकेक पायरी चढू या.

कठीण म्हणजे किती कठीण?

वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला 'कठीण लाकूड' आणि देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाला 'मऊ लाकूड' म्हणण्याची पद्धत आहे. ही नावे फसवी आहेत. विमानाची खेळणी बनवायला वापरतात ते बाल्सा लाकूड हातात कापसासारखे हलके लागते, तरी ते याच हिशेबाने 'कठीण' ठरते! म्हणून नावावर न जाता लाकडाची घनता पाहावी. वाळलेल्या लाकडाच्या एका घनमीटरचे वस्तुमान सुमारे असे असते :

सावर : ४०० किलोग्रॅम
साग : ६५० किलोग्रॅम
बाभूळ : ८०० किलोग्रॅम
धावडा : ९०० किलोग्रॅम
खैर : १००० किलोग्रॅम

अंजनाचे लाकूड तर याहूनही जड, पाण्यात टाकले तर बुडणारे. एकाच जातीच्या दोन झाडांतही हे आकडे थोडे कमी-जास्त होतात. पण एक गोष्ट लक्षात येईल : ज्या सागाचा आपण एवढा दरारा बाळगतो, तो या यादीत मधलाच आहे. बाभूळ आणि धावडा त्याच्याहून जड. साग करवतीला त्रास देतो तो वेगळ्याच कारणाने. त्याकडे आपण पुढे येऊ.

साखळी काय करते?

साखळी-करवतीचे तीन भाग ध्यानात घ्या. पहिला, दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. दुसरा, त्याने फिरणारे छोटे दातेरी चाक. तिसरा, एका लांब पोलादी पट्टीच्या कडेने धावणारी साखळी. सायकलची साखळी चाक फिरवते. इथली साखळी स्वतःच काम करते, कारण तिच्या कड्यांवर धारदार दात असतात. एक दात डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे, अशी त्यांची रांग असते.

या दातांच्या आकाराची कथा गमतीची आहे. पूर्वी करवतीच्या साखळीला हाताच्या करवतीसारखे सरळ टोकदार दात असत. ते लाकूड खरवडत आणि लवकर बोथट होत. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याचे लक्ष एका बुंध्यातील भुंगेऱ्याच्या अळीकडे गेले. ती अळी आपल्या वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे लाकूड कातरत सहज पुढे सरकत होती. रेषा उभ्या असोत की आडव्या, तिला फरक पडत नव्हता. कॉक्सने तिच्या जबड्यांच्या धर्तीवर आकड्यासारख्या वाकड्या दातांची साखळी बनवली. आजच्या बहुतेक साखळ्या याच घडणीच्या आहेत. अळीला इंजिन नव्हते. तिच्याकडे होती ती योग्य आकाराची धार.

यंत्रही हळूहळू हलके होत गेले. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांची १९२९ सालची पेट्रोलवरची करवत ६ अश्वशक्तीची होती, पण तिचे वजन ४६ किलोग्रॅम. ती चालवायला दोन माणसे लागत. त्याच कारखान्याने १९५९ साली तेवढ्याच शक्तीची करवत १२ किलोग्रॅम वजनात बसवली. तेव्हापासून मोठी झाडे एकट्या माणसाच्या आवाक्यात आली.

आता हिशेब

समजा, आपल्या करवतीचे इंजिन ५ अश्वशक्तीचे आहे. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणून शक्ती झाली ५ × ७४६ = ३७३० वॅट.

साखळीचा वेग काढू. नेहमीच्या मोठ्या करवतीचे दातेरी चाक एकदा फिरले, की साखळी सुमारे १३३ मिलिमीटर पुढे जाते. कापताना इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेते असे धरा. म्हणजे सेकंदाला १५० फेरे. साखळीचा वेग १५० × ०.१३३ = सुमारे २० मीटर दर सेकंदाला, म्हणजेच ताशी ७२ किलोमीटर. रस्त्यावरच्या मोटारीचा वेग !

शक्ती = बल × वेग, हे सूत्र तुम्हाला माहीत आहे. त्यावरून साखळीला मिळणारे बल = ३७३० ÷ २० = सुमारे १८६ न्यूटन. घर्षणात जाणारा भाग आपण सोडून देऊ. हे बल साखळीच्या सगळ्या दातांना मिळून आहे. त्या क्षणी जितके दात लाकडात असतील तितक्यांत ते वाटले जाते. या साखळीवर साधारण दर ३८ मिलिमीटरला एक दात असतो. म्हणून,

बुंध्याचा व्यास २५ सें.मी. : लाकडात ७ दात, प्रत्येकाला सुमारे २७ न्यूटन.
व्यास ५० सें.मी. : १३ दात, प्रत्येकाला सुमारे १४ न्यूटन.
व्यास १०० सें.मी. : २६ दात, प्रत्येकाला सुमारे ७ न्यूटन.

इथेच सगळी मेख आहे. दाताला पुरेसे बल मिळाले, तर तो लाकडात रुततो आणि जाड ढलपी काढतो. बल अपुरे पडले, तर तो नुसता घासत जातो. मग ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो, साखळी तापते, धूर येतो आणि इंजिन दमून बंद पडते. लहान इंजिनाला लांब पट्टी जोडली तर करवत 'मोठी' होत नाही. प्रत्येक दात मात्र दुबळा होतो.

यावर उपाय दोन. पहिला, शक्ती वाढवणे. मीटरभर व्यासाच्या ओंडक्यासाठी ८ अश्वशक्तीचे यंत्र घेतले, तर वरच्याच रीतीने प्रत्येक दाताला ११ ते १२ न्यूटन मिळतात. दुसरा उपाय तितकाच शास्त्रीय : दात कमी करणे. लांब पट्टीसाठी विरळ दातांच्या साखळ्या मिळतात. त्यांत सुमारे एकतृतीयांश दात गाळलेले असतात. मग ५ अश्वशक्तीतही मीटरभर लाकडात १७ दात उरतात आणि प्रत्येकाला ११ न्यूटन येतात. काप थोडा खडबडीत होतो, पण काम पुढे सरकते.

सागातली वाळू

आता सागाकडे वळू. सागाच्या लाकडात सिलिका असते, कधी कधी वजनाच्या एक टक्क्याहूनही थोडी अधिक. वाळू ज्या द्रव्याची बनते तेच हे द्रव्य. मुळे ते जमिनीतल्या पाण्यातून शोषतात आणि ते लाकडात साठत जाते. म्हणजे सागात करवत चालवणे हे बारीक पॉलिशकागदावर धार घासण्यासारखे आहे. साग फार कठीण नसूनही सुतार त्याच्या नावाने कानशी झिजवतात, त्याचे कारण हे.

बोथट दाताला तीच ढलपी काढायला कितीतरी जास्त बल लागते. तुमच्याकडे ८ अश्वशक्ती असेल आणि दात बोथट असतील, तर ४ अश्वशक्ती आणि धारदार दातवाला तुमच्या पुढे निघून जाईल. म्हणून सागाचे काम करणारा जाणकार माणूस पेट्रोल संपून टाकी भरण्याची वेळ आली, की गोल कानस काढतो आणि प्रत्येक दातावर ठरावीक कोनात, बहुधा ३० अंशांत, दोन-तीन हात मारतो. दातापुढे एक बुटका कंगोरा असतो; दाताने किती खोल जायचे ते तो ठरवतो. त्याची उंची दातापेक्षा फक्त ०.६५ मिलिमीटरने कमी असते. हा कंगोरा जास्त घासला तर दात हावरटासारखा खोल घुसतो आणि करवत हातात उसळते.

थांबण्याची शक्ती

ही उसळी समजून घ्या. पट्टीच्या टोकाशी साखळी वळण घेते. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला आणि दात अडकला, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तितकेच बल उलट दिशेने पट्टीवर येते आणि पट्टी चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उडते. शक्ती जितकी मोठी, तितकी उसळीही मोठी. माणसाला काही दिसून हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात आपल्या करवतीची ५ मीटर साखळी, म्हणजे सुमारे १३० दात, एका जागेवरून निघून जातात. म्हणून उसळी बसताच आपोआप साखळी थांबवणारा ब्रेक १९७० नंतरच्या दशकात करवतींवर आला. हा ब्रेक नसलेले किंवा काढून टाकलेले यंत्र कितीही शक्तिमान असो, घेऊ नये.

वेगाने फिरणाऱ्या पात्यापुढे माणूस किती नाजूक असतो, हे फुलसावंगीला कोणी सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये या गावच्या एका तरुण कारागिराचा, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना, फिरते पाते लागून मृत्यू झाला. शाळा लवकर सुटलेल्या त्या तरुणाकडे कल्पकता होती, हातात कसब होते. अशा हुशार हातांची आपल्याला फार गरज आहे; म्हणूनच यंत्र चालवण्याआधी ते थांबेल कसे, तुटले तर तुकडा कुठे जाईल आणि डोक्यावर, डोळ्यांवर काय आहे, हे विचारणे हा यंत्रविद्येचा पहिला पाठ मानायला हवा.

साखळी-करवत चालवणाऱ्याला शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांवर आवाजरोधक, पायांत जाड बूट आणि साखळी अडवणारी विशेष विजार हवी. चप्पल आणि लुंगीवर हे काम करू नये. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि सततच्या कंपनांनी बोटांतला रक्तपुरवठा बिघडून ती पांढरी व बधिर होऊ लागतात. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही हे यंत्र हातात घ्यायचे नाही. झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब उभे राहायचे.

मग निवड कशी करावी?

आधी झाड मोजा, मग दुकानात जा. वनखात्यात झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या उंचीवर मोजतात. घेर १५७ सें.मी. असेल तर ३.१४ ने भागून व्यास ५० सें.मी. येतो. तोडताना काप याहून खाली, जाड भागात येतो, हे विसरू नका. मग ढोबळमानाने असे ठरवा :

व्यास ३० सें.मी. पर्यंत : ४० ते ५० सीसी, अडीच ते तीन अश्वशक्ती.
व्यास ५० सें.मी. च्या आसपास : ६० ते ७० सीसी, चार ते पाच अश्वशक्ती.
व्यास ७५ सें.मी. किंवा अधिक : ९० सीसी, सहा ते सात अश्वशक्ती.
मीटरभर ओंडके किंवा उभ्या फळ्या पाडणे : १२० सीसी, आठ अश्वशक्ती.

सीसी म्हणजे सिलिंडरचे आकारमान, शक्ती नव्हे. पाटीवर किलोवॅटचा आकडा शोधा. वजनही पाहा. ५० सीसीचे यंत्र पट्टीशिवाय सुमारे ५ किलोग्रॅम असते, १२० सीसीचे १० च्या घरात. दिवसभर ते पेलायचे असते, आणि थकलेल्या हाताकडूनच चुका होतात. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या झाडासाठी जड यंत्र घेण्यापेक्षा मध्यम यंत्राने दोन्ही बाजूंनी काप घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

शेवटची गोष्ट. दीडशे सें.मी. घेराचा साग तयार व्हायला कित्येक दशके लागतात. शेतातला साग स्वतःचा असला तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार तो तोडायला परवानगी लागते. काही मिनिटांत संपणाऱ्या कामाआधी एवढे थांबणे फारसे नाही.

करून पाहा

१. शाळेच्या आवारातील पाच झाडांचा घेर १.३७ मीटर उंचीवर दोरीने मोजा. व्यास काढा.

२. सुताराकडून सागाचा आणि बाभळीचा वाळलेला, सारख्या जाडीचा एकेक ठोकळा आणा. पाण्यात आडवा तरंगू द्या. उंचीचा कितवा भाग बुडाला ते मोजा. हा अपूर्णांक म्हणजेच त्या लाकडाची पाण्याच्या तुलनेत घनता. वरच्या यादीशी ताडून पाहा.

३. बुंध्याचा व्यास दुप्पट झाला, तर कापायचे क्षेत्रफळ किती पट होईल?

४. करवत ३ अश्वशक्तीची, साखळीचा वेग सेकंदाला २० मीटर, बुंधा ६० सें.मी. व्यासाचा. प्रत्येक दाताला किती बल मिळेल? ही करवत तुम्ही निवडाल का?

(उत्तरे : ३. चौपट. ४. एकूण बल सुमारे ११२ न्यूटन, दात १६, म्हणून प्रत्येकी ७ न्यूटन. दात घासतील, कापणार नाहीत. ही करवत या कामाला अपुरी आहे.)