वारसा रेल्वेचे स्थानक आणि श्रमदान



रेल्वे स्थानक म्हटले की गर्दी, हमालांची धावपळ, चहावाल्यांच्या आरोळ्या आणि ध्वनिक्षेपकावरील सूचना आठवतात. पण जगात अशीही काही स्थानके आहेत, जिथे दिवसाकाठी मोजक्याच गाड्या येतात आणि मधल्या वेळात पाखरांखेरीज कुणाचाही आवाज नसतो. त्यांतील काही स्थानके पगारी नोकरांपेक्षा स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहेत. या लेखात अशा एका रेल्वेची माहिती घेऊ आणि मग आपल्या इंदूरजवळच्या एका स्थानकाकडे वळू. पालकांनी आणि विश्वस्तांनीही हा लेख वाचावा अशी विनंती आहे, कारण शेवटी मांडलेला प्रश्न आपणा सर्वांचा आहे.

१. वारसा रेल्वे म्हणजे काय?

ज्या रेल्वेमार्गाचे व्यापारी महत्त्व संपले आहे, पण इतिहास, तंत्रज्ञान किंवा निसर्गसौंदर्य यांमुळे जो जतन करावासा वाटतो, त्याला वारसा रेल्वे म्हणतात. भारतात दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका–शिमला (२००८) या पर्वतीय रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आपल्याकडे अशा गाड्या प्रामुख्याने सरकारी भारतीय रेल्वेच चालवते. ब्रिटनमध्ये मात्र वारसा रेल्वेचा मोठा भाग सामान्य नागरिकांनी सांभाळला आहे. शिक्षक, कारकून, गृहिणी, निवृत्त अभियंते आणि विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी येऊन तिथे काम करतात. या प्रथेची सुरुवात वेल्समधील एका लहानशा रेल्वेने झाली. तिचे नाव टॅलिलिन.

२. टॅलिलिनची गोष्ट

डोंगरातील खाणीतून पाटीचा दगड समुद्रकिनाऱ्याजवळच्या गावापर्यंत आणण्यासाठी १८६५ मध्ये ही रेल्वे बांधली गेली. हा दगड घरांची छपरे शाकारायला वापरत. रुळांमधील अंतर अवघे २ फूट ३ इंच. १९११ मध्ये सर हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या. १९४६ च्या अखेरीस खाण बंद पडली. मालवाहतूक गेली, तशी कमाईही गेली. तरीही ‘मी असेपर्यंत गाडी चालेल’ हा शब्द सर हेडन यांनी पाळला. जुलै १९५० मध्ये त्यांचे निधन झाले आणि रेल्वे भंगारात जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखे होते.

त्या वेळी एल. टी. सी. रोल्ट हे अभियंता-लेखक पुढे आले. जुने कालवे वाचवण्याच्या चळवळीत त्यांनी आधी काम केले होते. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅम येथे सभा झाली आणि रेल्वे जतन करण्यासाठी संस्था काढण्याचे ठरले. सर हेडन यांच्या पत्नीने सहकार्य केले. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांच्या संस्थेची पहिली गाडी धावली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातील ही पहिली रेल्वे मानली जाते.

परिस्थिती बिकट होती. रूळ झिजलेले, स्लीपर कुजलेले आणि सगळीकडे गवत माजलेले. चालण्याजोगे इंजिन एकच, तेही १८६६ चे. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती. तिच्या रुळांचे अंतर योगायोगाने तेवढेच होते. तिची दोन इंजिने संस्थेने प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली. लोकांनी सुट्ट्या खर्ची घालून गवत उपटले, स्लीपर बदलले, खडी भरली. १९७६ मध्ये मार्ग नान्ट ग्वेर्नॉलपर्यंत वाढवला गेला आणि एकूण लांबी सुमारे पावणेबारा किलोमीटर झाली. २०२१ मध्ये वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणींचा प्रदेश जागतिक वारसा यादीत आला, त्यात ही रेल्वेही आहे. जी वस्तू १९५० मध्ये भंगाराच्या भावाने गेली असती, ती आज जगाचा ठेवा आहे.

आपल्या बालवर्गातील मुलांना ‘थॉमस’ हे बोलके इंजिन ठाऊक असेल. त्याचे निर्माते रेव्हरंड ऑड्री हेही टॅलिलिनचे सुरुवातीचे स्वयंसेवक. एकदा ते गार्ड असताना खाद्यपदार्थ विकणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या आणि गाडी सुटली! हा प्रसंग पुढे त्यांनी आपल्या गोष्टीत वापरला.

३. स्थानकावर स्वयंसेवक करतात तरी काय?

या मार्गावर डोल्गॉक नावाचे एक स्थानक आहे. भोवती दाट झाडी, जवळच धबधबा आणि इंजिनाला पाणी भरण्याची टाकी. गाडी आली की पाच-दहा मिनिटे गलबला होतो आणि गाडी गेली की पुन्हा शांतता. अशा स्थानकांवरची कामे आपण नीट पाहू.

पहिले काम साफसफाईचे. फलाट झाडणे, पालापाचोळा काढणे, बाकांना रंग देणे, फुलझाडांना पाणी घालणे, शौचालय स्वच्छ ठेवणे. ज्यांना इंजिन चालवायची हौस असते, त्यांनाही आधी चिंध्या आणि तेल घेऊन इंजिन पुसावे लागते. त्यानंतर कोळसा टाकणारा फायरमन आणि मग चालक. प्रत्येक पायरीवर प्रशिक्षण आणि परीक्षा असते. या प्रवासात कित्येक वर्षे जातात.

दुसरे काम प्रवाशांचे. तिकीट देणे, वृद्धांना डब्यात चढवणे, धबधब्याची वाट दाखवणे, परतीच्या गाडीची वेळ सांगणे. अनेक वारसा रेल्वेंवर अजून पुठ्ठ्याची लहान जाड तिकिटे मिळतात. एकोणिसाव्या शतकात थॉमस एडमंडसन यांनी ही पद्धत आणली. संगणकाची तिकिटे येण्यापूर्वी आपल्याकडेही हीच तिकिटे होती. आजोबांना विचारा, एखादे त्यांच्या जुन्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेले सापडेल.

तिसरे काम सुरक्षेचे. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ‘टोकन’ पद्धत असते. रेल्वेमार्गाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागासाठी एकच टोकन बाहेर निघू शकते. ते हातात आल्याशिवाय चालक गाडी त्या भागात नेत नाही. भारतातही अनेक दशके एकेरी मार्गांवर धातूचा गोळा वेताच्या कड्यात अडकवून चालकाला देत असत. नियम साधा आहे, पण तो शंभर वेळा पाळून एकशेएकाव्या वेळी विसरला तर जीव जाऊ शकतो. म्हणून तिथे ‘मी हौशी आहे’ ही सबब चालत नाही. काम फुकट असले तरी शिस्त पगारी नोकराइतकीच कडक असते.

चौथे काम आठवणींचे. जुनी छायाचित्रे, हजेरीपुस्तके, कंदील, घंटा, वेळापत्रके जपून ठेवणे आणि येणाऱ्यांना त्यांची माहिती सांगणे. हे काम वयोवृद्ध स्वयंसेवक फार आवडीने करतात.

एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. टॅलिलिनवर सगळेच स्वयंसेवक नाहीत, थोडे पगारी कर्मचारीही आहेत. सुरुवातीसही रेल्वेचे जुने स्थानिक कामगार सोबत होते. केवळ उत्साहावर रेल्वे चालत नाही. जाणकाराचे मार्गदर्शन आणि इतरांचे हात, दोन्ही लागतात.

४. आपल्या दारचा वारसा : पातालपाणी आणि कालाकुंड

आता आपल्या माळव्याकडे येऊ. इंदूरला रेल्वे यावी म्हणून महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज दरसाल साडेचार टक्के. एका संस्थानिकाने सरकारला रेल्वेसाठी कर्ज द्यावे ही त्या काळातली मोठीच गोष्ट. त्यातून खंडवा–इंदूर हा मीटरगेज मार्ग त्याच दशकात उभा राहिला. नर्मदेवर पूल झाला आणि विंध्याचा घाट फोडून गाडी माळव्याच्या पठारावर आली. आपल्यापैकी कितीतरी मराठी कुटुंबांचे पूर्वज याच मार्गाने इंदुरात आले असतील.

या घाटात पातालपाणी आणि कालाकुंड ही दोन स्थानके आहेत. अंतर सुमारे साडेनऊ किलोमीटर. चढ ठिकठिकाणी ‘चाळीसास एक’ इतका, म्हणजे ४० मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. रेल्वेच्या दृष्टीने हा चढ फारच उभा. म्हणून वर येणाऱ्या गाड्यांना कालाकुंडला जादा इंजिन जोडत. तेवढ्या वेळात प्रवासी उतरून पानात बांधलेला तिथला प्रसिद्ध कलाकंद घेत. जयपूर आणि हैदराबाद यांच्या दरम्यान धावणारी मीटरगेजवरची मीनाक्षी एक्सप्रेस याच घाटातून जात असे.

पुढे ब्रॉडगेज आले. मोठ्या गाड्यांना इतका चढ झेपत नाही, म्हणून नव्या मार्गाची आखणी वेगळ्या दिशेने करावी लागली. जुना घाट मात्र वारसा म्हणून ठेवण्याचे ठरले आणि २५ डिसेंबर २०१८ रोजी महू–पातालपाणी–कालाकुंड अशी वारसा गाडी सुरू झाली. २०२३ च्या सुरुवातीस महूपासूनची नित्याची मीटरगेज गाडी बंद झाली. त्यानंतर वारसा गाडी पातालपाणी ते कालाकुंड एवढ्याच टप्प्यावर, मुख्यतः पावसाळी हंगामात चालवली गेली.

म्हणजे कालाकुंड हे आता खऱ्या अर्थाने शांत स्थानक झाले आहे. पण ही शांतता सर्वांना सारखी नाही. शहरातून आलेल्या पर्यटकाला ती सुखावते. ज्या गावकऱ्याचा बाजार, दवाखाना आणि दुधाची विक्री रोजच्या गाडीवर अवलंबून होती, त्याला ती खुपते. वारसा जपताना त्या जागेवर राहणाऱ्या माणसांना विसरून चालणार नाही. टॅलिलिनची रेल्वे टिकली त्यातही गावातल्या माणसांचा हात होता, हे लक्षात ठेवावे.

५. मग आपण काय करू शकतो?

टॅलिलिनची नक्कल आपल्याला करता येणार नाही. तिथे रेल्वे संस्थेच्या ताब्यात आहे, इथे ती सरकारची आहे. परवानगीशिवाय रुळांवर जाणे हा रेल्वे अधिनियम १९८९ नुसार गुन्हा आहे. शिवाय पातालपाणीचा धबधबा धोक्याचा आहे. जुलै २०११ मध्ये अचानक वाढलेल्या पाण्यात सहलीला आलेले लोक वाहून गेले आणि जीवितहानी झाली. म्हणून मुलांनी एकटे किंवा मित्रांसोबत परस्पर तिथे जाऊ नये, हे आम्ही आधीच बजावून सांगतो. ब्रिटनमध्येही लहान मुलांना यंत्रांच्या आणि रुळांच्या कामाला लावत नाहीत.

पण रेल्वे अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी, शिक्षकांची सोबत आणि पालकांची संमती असेल, तर करण्यासारखे पुष्कळ आहे. फलाटाची आणि आवाराची स्वच्छता करता येईल. स्थानकाचा इतिहास मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून माहितीफलकाचा मसुदा रेल्वेला देता येईल. गाडीतून आलेल्यांना प्लास्टिक मागे न टाकण्याची विनंती करता येईल. कलाकंद विकणाऱ्यांशी आणि गावकऱ्यांशी बोलून त्यांच्या अडचणी समजून घेता येतील.

आणि एक काम असे आहे की ज्याला परवानगी, वाहन, पैसा काहीच लागत नाही. आपल्या ओळखीत, शेजारी, नात्यात रेल्वेतून निवृत्त झालेले कुणी ना कुणी असतेच. कुणी गँगमन, कुणी पॉइंट्समन, कुणी गार्ड, कुणी तिकीटबाबू. घाटात गाडी कशी चढवत, पावसाळ्यात दरड आली तर काय करत, रात्रपाळीला डब्यात काय नेत, हे सारे त्यांच्याजवळ आहे. इमारत दुरुस्त करता येते, इंजिन पुन्हा रंगवता येते. माणूस गेला की त्याच्यासोबत गेलेली माहिती परत आणता येत नाही. मीटरगेजवर उमेदीची वर्षे घालवलेली मंडळी आता वृद्ध झाली आहेत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

पालकांना वाटेल, यात गुण किती मिळणार? गुण नाहीत. पण वेळेवर हजर राहणे, सांगितलेले काम कुणी पाहत नसतानाही नीट करणे आणि वडीलधाऱ्यांचे ऐकून घेणे या गोष्टी वर्गात शिकवून येत नाहीत. विश्वस्त मंडळाला आमची विनंती एवढीच की, परवानगीचा पत्रव्यवहार आणि सहलीची सुरक्षित व्यवस्था शाळेच्या नावाने व्हावी. बाकी हात मुलांचे आहेतच.

स्वाध्याय

१. एक कोटी रुपयांवर दरसाल साडेचार टक्के दराने एका वर्षाचे सरळव्याज किती होईल?

२. साडेनऊ किलोमीटरचा सर्व मार्ग ‘चाळीसास एक’ या चढाचा असता, तर गाडी एकूण किती मीटर उंच चढली असती? प्रत्यक्षात चढ सर्वत्र सारखा का नसतो?

३. टोकन पद्धतीत एका वेळी एकच टोकन बाहेर का निघू देतात? आकृती काढून स्पष्ट करा.

४. टॅलिलिन आणि पातालपाणी–कालाकुंड या दोन मार्गांतील तीन साम्ये आणि तीन फरक लिहा.

५. उपक्रम : रेल्वेत काम केलेल्या एका आजोबांची किंवा आजींची मुलाखत घ्या. प्रश्न आधी वहीत लिहून न्या. मुलाखत लिहून काढल्यावर ती त्यांना वाचून दाखवा, चुका दुरुस्त करा आणि छापण्यास त्यांची संमती घेऊन मगच वर्गशिक्षकांकडे द्या.